जंतांच्या मागे एक आयुष्य: विल्यम कॅम्बेल

सूक्ष्मदर्शी:

मी सत्तावीस वर्षे पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांना परजीवीशास्त्र शिकवले. आमच्या विषयाला मुले 'लेंड्यांचा विषय' म्हणत आणि त्यात खोटे काही नव्हते, कारण पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्यांच्या हाती खलबत्ता, मिठाचे संपृक्त द्रावण आणि शेळीच्या ताज्या लेंड्या दिल्या जात. शल्यचिकित्सेच्या तासाला पहिल्या बाकासाठी भांडणारी मुले आमच्या तासाला दाराजवळची जागा धरत. दरवर्षी त्यांतील एखादा धीर करून विचारी, "सर, या विषयात पुढे काय?" ५ ऑक्टोबर २०१५ रोजी या प्रश्नाचे उत्तर आयते हाती आले. त्या वर्षीच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मलेरियावरील औषधासाठी चीनच्या तू योयो यांना मिळाला आणि उरलेला अर्धा जपानचे सातोशी ओमुरा व आयर्लंडमध्ये जन्मलेले विल्यम कॅम्बेल यांच्यात विभागला गेला. आयुष्यभर जनावरांच्या जंतांवर काम केलेल्या माणसाला नोबेल मिळाले होते. महाविद्यालयात पेढे मीच आणले, कारण इतर विभागांना त्यात साजरे करण्यासारखे काही दिसले नाही.

वर्तमानपत्रांतून ही कथा बहुतेक वेळा जपानमधील चिमूटभर मातीची कथा म्हणून आली. ती खोटी नाही, पण तेवढीच सांगितली की परजीवीशास्त्रज्ञाने नेमके काय केले हे वाचकाला कळत नाही. तो भाग मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

कॅम्बेल यांचा जन्म २८ जून १९३० चा. गाव रॅमेल्टन, आयर्लंडच्या वायव्येकडील डॉनेगल परगण्यात, लेनन नदीच्या काठी. वडील शेतकऱ्यांना लागणाऱ्या मालाचा व्यापार करीत. सुरुवातीचे शिक्षण घरीच एका शिक्षिकेकडे झाले आणि पुढे ते बेलफास्टला निवासी शाळेत गेले. चौदा वर्षांचे असताना स्ट्रबेन येथील शेतकी प्रदर्शनात मेंढ्यांच्या यकृतातील चपट्या जंतांवरील औषधाचे एक पत्रक त्यांच्या हाती पडले. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. तिला फार मोठे करू नये असे मला वाटते. मेंढ्या पाळणाऱ्या ओलसर मुलखात हे जंत घरोघरी माहीत असतात, आणि अशी पत्रके वाचणाऱ्या शेकडो मुलांपैकी परजीवीशास्त्रज्ञ एखादाच होतो.

त्यांना परजीवीशास्त्रज्ञ केले ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील जेम्स डेस्मंड स्मिथ या शिक्षकाने. स्मिथ एका छोट्या माशातील पट्टकृमीवर काम करीत. हा कृमी माशात अर्धवट वाढून थांबतो आणि तो मासा पक्ष्याने गिळला की पक्ष्याच्या उबेत काही दिवसांतच प्रौढ होऊन अंडी घालतो. स्मिथ यांनी १९४६ साली पक्ष्याऐवजी ४० अंश तापमानाची नळी वापरली, माशातून काढलेला कृमी पोषक द्रवात ठेवला आणि त्याला नळीतच अंडी घालायला लावली. असा शिक्षक विशीच्या आत भेटला की जंत हा किळस येण्याचा पदार्थ राहत नाही. कॅम्बेल तेथे शिकत असतानाच, १९५१ साली, ट्रिनिटीतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्नेस्ट वॉल्टन यांना नोबेल मिळाले. आयर्लंडच्या विज्ञानाला पुढचे नोबेल मिळायला चौसष्ट वर्षे लागणार होती आणि ते मिळवणारा मुलगा तेव्हा त्याच आवारात माशांची पोटे फाडत बसला होता.

१९५२ साली प्रथम वर्गात पदवी मिळाल्यावर स्मिथ यांनीच त्यांना अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात आर्ली टॉड यांच्याकडे जायला सुचवले. टॉड हे पशुपरजीवीशास्त्राचे प्राध्यापक. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी येथे गोठ्याच्या बाजूला वळला. प्रबंधासाठी त्यांनी घेतलेला जंत म्हणजे फॅसिओलॉइडिस मॅग्ना, हरणांच्या यकृतातील बोटभर लांबीचा चपटा कृमी. माझ्या मते या एका जंतात अख्ख्या विषयाचे सार आहे. हरणाच्या यकृतात त्याच्याभोवती पातळ पिशवी तयार होते, ती पित्तनलिकेला जोडलेली राहते, अंडी बाहेर पडतात आणि हरीण बहुधा धडधाकट राहते. गाईच्या यकृतात हीच पिशवी जाड आणि बंद होते, म्हणजे जंत आतच कोंडला जातो. मेंढीत पिशवीच होत नाही. जंत यकृत पोखरत फिरत राहतो आणि असे दोनचार जंतही मेंढी मारायला पुरतात. जंत तोच असतो. यजमान बदलला की त्याची वागणूक बदलते. औषध कोणत्या प्राण्यात तपासायचे, हा पुढे कॅम्बेल यांच्या कामाचा गाभा ठरलेला प्रश्न त्यांना इथेच भेटला असावा.

१९५७ साली पीएच.डी. झाली आणि त्याच वर्षी ते न्यू जर्सीतील राहवे येथे मर्क कंपनीच्या संशोधन संस्थेत रुजू झाले. तेथे ते १९९० पर्यंत होते. १९६१ साली तेथील गटाने थायाबेंडाझोल बाहेर आणले. त्याआधीची जंतनाशके म्हणजे जंतासोबत जनावरालाही निम्मे मारणारी असत, आणि पुढची सगळी 'बेंडाझोल' मंडळी या औषधाचीच भावंडे आहेत.

आता आयव्हरमेक्टिनमागच्या उंदराची गोष्ट. १९७३ साली मर्क आणि टोकियोची कितासातो संस्था यांच्यात करार झाला आणि ओमुरा यांनी मातीतून वेगळे केलेले जिवाणू राहवेला येऊ लागले. त्यांतील एक जिवाणू इतो शहराजवळच्या कवाना येथील गोल्फ मैदानालगतच्या मातीतला होता. नव्या औषधाचा शोध परीक्षानळीत जंत ठेवून करणे स्वस्त पडते, पण नळीत जंत मारणारी द्रव्ये रग्गड सापडतात. त्यांतली बहुतेक जनावराच्या पोटात निकामी ठरतात किंवा जनावरालाच मारतात. म्हणून राहवेच्या गटाने जिवंत उंदीर वापरले. त्यांना अशा कृमीची लागण करून दिली, जो गाईमेंढ्यांच्या पोटातील जंतांचा नातलग आहे. जिवाणू ज्या द्रवात वाढवला तो द्रवच खाद्यात मिसळायचा, आणि काही दिवसांनी विष्ठेतील अंडी व आतड्यातील जंत मोजायचे. ही चाचणी बसवण्यात जेम्स इगर्टन आणि डॅन ऑस्टलिंड यांचा मोठा हात होता. मे १९७५ मध्ये कवानाच्या जिवाणूचा द्रव खाल्लेल्या उंदराला तो सोसला नव्हता, त्याचे वजन घटले होते. पण त्याच्या आतड्यात एकही जंत सापडला नाही. घाईच्या प्रयोगशाळेत तो 'विषारी' असा शेरा मारून टोपलीत गेला असता.

त्या जिवाणूतून ॲव्हरमेक्टिन आणि त्यात थोडा बदल करून आयव्हरमेक्टिन निघाले. १९८१ साली ते जनावरांसाठी बाजारात आले. गाईला दर किलो वजनामागे ०.२ मिलिग्रॅम पुरते. तोपर्यंतची जंतनाशके याच्या कित्येक पट मात्रेत द्यावी लागत. शिवाय गोलकृमी, खरजेचे कीटक आणि उवा एकाच टोचणीत आटोक्यात येत, ही गोष्ट कोणी आधी पाहिलीच नव्हती.

माणसापर्यंतचा रस्ता घोड्यावरून गेला. घोड्याच्या मानेतील अस्थिबंधात ऑन्कोसर्का जातीचा एक जंत राहतो आणि त्याची सूक्ष्म पिल्ले कातडीत वावरतात. आयव्हरमेक्टिनने ही पिल्ले नाहीशी होतात असे इगर्टन यांच्या प्रयोगांत दिसले. याच जातीचा दुसरा जंत आफ्रिकेत नदीकाठच्या माणसांना आंधळे करतो. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढणारी काळी माशी तो पसरवते आणि म्हणूनच या रोगाला रिव्हर ब्लाइंडनेस म्हणतात. १९७८ साली कॅम्बेल यांनी संशोधन विभागाचे प्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांच्याकडे माणसांवरील चाचणीचा प्रस्ताव नेला. मर्कमधील मोहम्मद अझीझ यांनी १९८१ साली सेनेगलमधील डकार येथे पहिली चाचणी केली. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी कंपनीने हे औषध गरज असेपर्यंत, लागेल तेवढे मोफत देण्याचे जाहीर केले.

गाईच्या औषधाचा माणसाला झालेला हा फायदा योगायोगाचा होता असे मला वाटत नाही. घोड्याच्या कातडीतील पिल्लू पाहून माणसाच्या डोळ्यातील पिल्लू ज्याला आठवते, असा माणूस प्रयोगशाळेत असावा लागतो.

माणदेशी:

लेख आवडला. माझ्याकडे बेचाळीस शेळ्या आहेत आणि हे इंजेक्शन मला नावानिशी ठाऊक आहे, पण त्यामागे उंदीर, घोडा आणि गोल्फचे मैदान आहे हे आज कळले. एक अडचण विचारतो. दर तीन महिन्यांनी मी सगळ्या कळपाला हे टोचतो. यंदा पावसाळ्यानंतर टोचून वीस दिवस झाले, तरी चार शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी भरले आणि त्यांतली एक दगावली. औषध बनावट होते, की माझे काही चुकते आहे?

प्रश्नचिन्ह:

लेख चांगला आहे, परंतु दोन आक्षेप नोंदवतो. कॅम्बेल हे पशुवैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते आणि तेहतीस वर्षे एका खासगी कंपनीत नोकरीला होते. तेव्हा त्यांना आपल्या विषयाचे दैवत करताना आपण पशुवैद्यकाच्या पदरात जरा जास्तच माप टाकत आहात. दुसरे म्हणजे औषध मोफत वाटल्याची गोष्ट सांगताना कंपनीने जनावरांच्या बाजारातून किती मिळवले हेही सांगायला हवे. ज्यांच्याकडे पैसेच नाहीत अशा रुग्णांना औषध फुकट देण्यात तोटा तो काय?

सूक्ष्मदर्शी:

@प्रश्नचिन्ह, पहिला आक्षेप अर्धा मान्य आहे. कॅम्बेल यांनी पशुवैद्यकाची पदवी घेतली नव्हती आणि आजारी बैलाच्या नाकात वेसण धरून त्यांनी कधी औषध पाजले असेल असे मलाही वाटत नाही. परंतु पशुपरजीवीशास्त्र हा विषय पशुवैद्य आणि प्राणिशास्त्रज्ञ या दोघांनी मिळून उभा केला आहे. आपल्याकडेही जंतांचे वर्गीकरण करणारे अनेक जण प्राणिशास्त्र विभागांतून आले आणि त्यांनी ठरवलेल्या नावांवर आमचे वैद्य उपचार करीत राहिले.

विद्यापीठाशी त्यांचा संबंध तुटला होता, हे मात्र बरोबर नाही. कंपनीत असताना ते सतत शोधनिबंध लिहीत होते. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून माणसाला होणाऱ्या ट्रायकिनेला या जंतावरचा मोठा ग्रंथ त्यांनी १९८३ साली संपादित केला आणि आयव्हरमेक्टिनवरचा १९८९ साली. जंतांच्या जिवंत अळ्या गोठवून साठवण्यावरही त्यांनी काम केले. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्यामुळे प्रयोगशाळेला एकच वाण जिवंत ठेवण्यासाठी मेंढ्यांमागून मेंढ्यांना लागण करीत बसावे लागत नाही. ज्याने हा उद्योग केला आहे त्यालाच त्याची किंमत कळेल. १९९० साली निवृत्त झाल्यावर ते न्यू जर्सीतीलच ड्र्यू विद्यापीठात गेले. उद्योगांतून निवृत्त झालेल्या शास्त्रज्ञांनी पदवीच्या विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घ्यावे यासाठी तेथे एक स्वतंत्र संस्था आहे. कॅम्बेल यांनी तेथे सुमारे वीस वर्षे शिकवले, अंटार्क्टिकाच्या मोहिमांतील वैद्यकाच्या इतिहासावर लिहिले आणि जंतांची चित्रे काढली. होय, जंतांचीच, भडक रंगांत. ती परजीवीशास्त्रज्ञांच्या संमेलनात लिलावाला जात आणि पैसा विद्यार्थ्यांच्या निधीला मिळे. निवृत्तीनंतर विभागात येऊन जुन्या खुर्चीवर हक्क सांगणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत, म्हणून या वीस वर्षांचे मला अधिक अप्रूप आहे.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. ऐंशीच्या दशकाअखेर हे जगातील सर्वाधिक खपाचे पशुऔषध होते आणि गाय, मेंढी, घोडा व कुत्रा यांच्या मालकांनी दिलेल्या पैशावरच हे दान उभे राहिले. मला त्यात कमीपणा दिसत नाही. केवळ आफ्रिकेतील गरिबांच्या रोगासाठी कोणत्याही कंपनीने इतकी वर्षे उंदीर तपासले नसते. जनावरांच्या जंतांमागे पैसा होता म्हणून माणसांच्या जंतावर औषध मिळाले, हे वाक्य उलट फिरवून पाहा, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल.

वैनगंगाकाठ:

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून माणसांच्या बाजूने थोडी भर घालते.

रिव्हर ब्लाइंडनेसवर आयव्हरमेक्टिनच्या आधी औषधे नव्हती असे नाही. डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) हे जंतनाशक होते. परंतु त्याने कातडीतील आणि डोळ्यातील पिल्ले एकदम मरत, त्यातून तीव्र दाह उसळे आणि जी दृष्टी वाचवायची तीच जाण्याची भीती असे. सुरामिन प्रौढ जंत मारत असे, पण ते शिरेतून द्यावे लागे आणि मूत्रपिंडाला घातक होते. रस्ता नसलेल्या गावात, डॉक्टर नसताना, गावातल्याच माणसाच्या हातून वाटता येईल असे काहीच नव्हते. आयव्हरमेक्टिनने पिल्ले कमी होतात, पण दाह बराच सौम्य असतो आणि वर्षाला एक मात्रा पुरते. मात्र कातडीखालील गाठींत बसलेली प्रौढ मादी त्याने मरत नाही, म्हणून दहापंधरा वर्षे नेमाने गोळी द्यावी लागते. या चिकाटीचे फळ म्हणजे कोलंबिया २०१३ साली, इक्वेडोर २०१४ साली, मेक्सिको २०१५ साली आणि ग्वाटेमाला २०१६ साली या रोगातून मुक्त ठरले. आफ्रिकेतील पहिला देश नायजर. त्याचे नाव २०२५ साली आले.

हा रोग आपल्याकडे नाही. पण हत्तीरोग आहे आणि आमच्या विदर्भात तो चांगलाच आहे. २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची मोहीम सुरू झाली, आणि देशात हा तिहेरी उपचार सुरू झालेल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत नागपूर होते. डीईसीचा वर सांगितलेला धोका रिव्हर ब्लाइंडनेस असलेल्या मुलखात आहे आणि तो रोग इथे नसल्यामुळेच हे त्रिकूट आपल्याला वापरता येते. घरोघर गोळ्या समोर गिळायला लावताना एका आजोबांनी मला विचारले होते, "हे तर आमच्या बैलाचं औषध. मला कशाला?" मी त्यांना घोड्याची गोष्ट सांगितली असती तर ते अधिक सावध झाले असते, म्हणून पायावरची सूज दाखवणारा तक्ता काढला. त्यांनी गोळ्या घेतल्या, पण माझ्याकडे संशयाने पाहतच.

एक अप्रिय उल्लेखही करायला हवा. मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरील सर्वांना कोरोनाप्रतिबंधासाठी हे औषध देण्याची घोषणा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच मार्चमध्ये कोरोनासाठी त्याचा वापर चाचण्यांपुरता ठेवावा असे सांगितले होते आणि खुद्द मर्कनेही फेब्रुवारीत परिणामकारकतेचा पुरावा नसल्याचे जाहीर केले होते. जंतांवर रामबाण ठरलेले औषध विषाणूवरही चालेल अशी आशा का वाटली हे मी समजू शकते, पण कॅम्बेल यांची पद्धत नेमकी याच्या उलट होती. त्यांच्या गटाने नळीतील निकालावर विसंबायचे नाही हे आधीच ठरवले होते, आणि कोरोनाच्या वेळी अनेकांची मदार नळीतल्याच निकालावर होती.

भातखाचर:

कोकणातील पशुवैद्य म्हणून एक गंमत सांगाविशी वाटते. कॅम्बेल पट्टकृमीपासून शिकले आणि त्यांनी चपट्या यकृतकृमीवर पीएच.डी. केली, पण ज्या औषधाने त्यांना नोबेल दिले, त्याचा या दोहोंवर काडीचा परिणाम होत नाही. आयव्हरमेक्टिन गोलकृमींच्या मज्जातंतूंतील आणि स्नायूंतील ग्लुटामेटवर चालणारी क्लोराइडची द्वारे उघडी ठेवते, त्यामुळे जंत लुळा पडतो. पट्टकृमी आणि चपट्या कृमींत ते या मात्रेत लागूच पडत नाही.

आमच्याकडे हा भेद रोज आडवा येतो. भाताच्या खाचरात आणि पाटात गोगलगायी असतात, त्यांच्यातून यकृतकृमीच्या अळ्या गवतावर येतात आणि दसऱ्यानंतर म्हशी खंगू लागतात. मालक सांगतो, "डॉक्टर, जंताचं भारी इंजेक्शन दोनदा दिलं." ते भारी असते, पण त्या जंतावर नसते. म्हशीचे यकृत कापले की पित्तनलिका चुन्याच्या नळ्यांसारख्या कडक झालेल्या दिसतात, सुरी करकरते. एकच औषध सगळ्यांवर चालते हा समज या औषधाच्या यशातूनच पसरला आहे.

सूक्ष्मदर्शी:

@भातखाचर, हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते. सुरी करकरण्याचा तो आवाज मी दोनदाच ऐकला, पण विसरलेलो नाही.

@वैनगंगाकाठ, बैलाच्या औषधाचा किस्सा उत्तम. मात्र एक काळजीची जोड देतो, कारण हे वाचून कोणी गोठ्यातली बाटली घरात वापरू नये. जनावरांचे द्रावण जनावरांच्या वजनासाठी बनवलेले असते. आणि जनावरांतही सगळ्यांना ते सारखे सोसत नाही. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे ते मेंदूत शिरते आणि कुत्रा बेशुद्ध पडतो. मेंदूकडे जाणारे हे दार बहुतेक प्राण्यांत या औषधाला बंद असते, म्हणूनच औषध सुरक्षित ठरले.

आता @माणदेशी यांच्याकडे वळतो, कारण त्यांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून सर्वांत आधी उत्तर द्यायला हवे होते, त्याबद्दल क्षमस्व. तुमच्या शेळ्यांचा आजार बहुधा हिमोंकसचा असावा. लाल-पांढऱ्या पिळाचा हा जंत चौथ्या पोटात बसून रक्त पितो; रक्तातील प्रथिने घटली की जबड्याखाली पाणी साचते. औषध बनावट असू शकते, पण तेवढाच संशय धरू नका. या जंताने आयव्हरमेक्टिनला दाद न देणे दक्षिण आफ्रिकेत ऐंशीच्या दशकातच सुरू झाले होते, म्हणजे औषध बाजारात येऊन दहा वर्षेही झाली नव्हती.

दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला टोचण्यात एक चूक दडलेली आहे. त्या दिवशी कळपातील सगळे जंत औषधाखाली येतात. जे थोडे तगतात तेच पुढची पिढी घालतात आणि काही वर्षांत कळपात तगणारेच उरतात. काही शेळ्या जाणूनबुजून सोडल्या तर त्यांच्यातील नाजूक जंत कुरणावर अंडी टाकत राहतात आणि तगणाऱ्यांचे प्रमाण वाढत नाही. म्हणून खालची पापणी उलटून पाहावी. आतली कातडी लालबुंद असेल तर ती शेळी सोडावी आणि फिकट गुलाबी वा पांढरी असेल तिलाच औषध द्यावे. ही पद्धतही दक्षिण आफ्रिकेतच बसवली गेली. मात्रा अंदाजे देऊ नका. एक टक्क्याच्या द्रावणाची तीस किलोच्या शेळीला ०.६ मिलिलिटर लागते आणि वजन कमी धरले तर अर्धवट मात्रेने जंत मरत नाहीत, पक्के होतात. शेळीच्या शरीरातून हे औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जाते, त्यामुळे मात्रेचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच करावा. दूध विकत असाल तर दुभत्या शेळीला ते देऊच नका. दुधात ते बरेच दिवस उतरत राहते.

खरी खात्री एकाच मार्गाने होईल. औषध देण्याआधी दहा शेळ्यांच्या लेंड्यांतील अंडी मोजायची आणि चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजायची. घट पंच्याण्णव टक्क्यांहून कमी असेल तर तुमच्या कळपात हे औषध थकले असे समजावे. आम्ही तीन ग्रॅम लेंड्या बेचाळीस मिलिलिटर मिठाच्या द्रावणात घोटतो, गाळतो आणि रेघा आखलेल्या काचेच्या दोन कप्प्यांत भरतो. अंडी तरंगून वर येतात. दोन्ही कप्प्यांत मिळून दिसलेल्या प्रत्येक अंड्यामागे एका ग्रॅम लेंडीत पन्नास अंडी धरायची. राहवेत त्या उंदराच्या विष्ठेतही अंडीच शोधली होती, फक्त त्यांच्याकडे शेळ्या नव्हत्या.

माणदेशी:

आपले आभार. आमचा बोकड पापणी उलटू देत नाही, बाकी सगळ्यांच्या पाहिल्या. बेचाळीसमधल्या अकरा पांढऱ्या निघाल्या आणि त्यांत दगावलेल्या शेळीची दोन करडे आहेत. लेंड्या कशा न्यायच्या? तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे, पण तो कपाटात असतो असे कळले.

सूक्ष्मदर्शी:

जमिनीवरच्या उचलू नका, त्यांत मातीतील इतर अळ्या मिसळतात. हातमोजा घालून थेट शेळीकडूनच घ्याव्यात, सकाळी चरायला सोडण्याआधी. प्रत्येकीच्या दहाबारा लेंड्या वेगळ्या डबीत, डबी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचे, म्हणजे आत हवा राहत नाही आणि अंडी फुटत नाहीत. डबीवर शेळीचा क्रमांक आणि तारीख लिहायची. त्याच दिवशी तपासणी होणार नसेल तर डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. सूक्ष्मदर्शक कपाटातून निघत नसेल तर जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत नमुने घेतात. आणि त्या अकरांपैकी ज्या चरायचे थांबल्या आहेत त्यांच्यासाठी निकालाची वाट पाहू नका, आजच डॉक्टरांना बोलवा.

माणदेशी:

डॉक्टर संध्याकाळी येत आहेत. औषधाआधी नमुने घ्यायचे म्हणून औषधांच्या दुकानातून दहा डब्या आणल्या आणि क्रमांकही टाकले. फ्रिजचे मात्र घरात अजून ठरायचे आहे.

भातखाचर:

आमच्या घरी ते वीस वर्षांत ठरलेले नाही. थर्माकोलच्या पेटीत थंड पाण्याच्या बाटल्या ठेवून न्या.